साम्राज्याच्या चादरी

सोमवार, ४ मार्च

अडतीस! आज फक्त अडतीस!

तळाच्या धुलाईघरात सुटी होताना जाऊबाईंच्या ॲप्रनला अडतीस चिमटे होते. कपडे वाळत घालायचे असतात ते, लाकडी. शंभर चादरी मोजून झाल्या की एक चिमटा ॲप्रनच्या कडेला लावायचा. ही सासूबाईंची पद्धत, मोजणीच्या टेबलाशी आधी त्याच उभ्या राहायच्या. दिवस संपला की चिमटे मोजायचे आणि आकडा शिट्टीच्या वहीत चढवायचा. शिट्टी म्हणजे आमचा सुपरवायझर. दिवसभर आमच्यावर वाजवतो. घरी बायको त्याच्यावर वाजवते म्हणे.

मी समोरच्या इस्त्रीच्या रोलरवर. हात चादरीवर, डोळे चिमट्यांवर. दोन वर्षांपूर्वी साठाच्या खाली कधी उतरत नव्हते. मग पन्नास झाले. आता हे! तळावर किती सैनिक झोपतात हे त्यांच्या सरकारने आपल्या सरकारलाही कधी सांगितलं नाही. आम्हा धुणाऱ्या बायकांना मात्र पक्कं माहीत.

जातायत मेले. खरंच जातायत! रविवारी समितीत सांगेन. तोवर पोटात राहणार नाही म्हणून इथे लिहिलं.

गुरुवार, ७ मार्च

भाऊजींचा दम वाढलाय. जिना चढायचा तर दोनदा बसतात. वीस वर्षं तळाच्या धावपट्टीवर डांबर ओतलं, त्याचं हे बक्षीस! नाकात नळी, नळीला यंत्र, यंत्र घुरघुरत असतं. आता ते बंद पडलं तर आम्हालाच झोप लागणार नाही.

यंत्र तळाच्या दवाखान्याचं आहे. घरातलं एक माणूस तरी तळावर कामाला असेल तर घराला कार्ड मिळतं. कार्ड असेल तर औषध, कार्ड असेल तर यंत्र. गावातल्या दवाखान्यात असलं यंत्र एकच आहे आणि ते नेहमी कुणाला तरी लावलेलं असतं.

समितीतले प्रोफेसर म्हणतात, "साम्राज्यवाद म्हणजे नेमकं हेच. आधी छाती जाळायची, मग नळी द्यायची, आणि नळीचं दुसरं टोक स्वतःच्या मुठीत ठेवायचं." अगदी खरं. मी टाळ्या वाजवल्या होत्या. पण घरी येऊन भाऊजींच्या नाकातली नळी सरळ केली, तेव्हा टाळ्या वाजवलेले हात जरा चोरटे वाटले.

रविवार, १० मार्च

समितीची बैठक. शिंप्याच्या दुकानाच्या मागची खोली, नऊ माणसं, सहा खुर्च्या. नाव मात्र जंगी — तळ हटाव समिती!

प्रोफेसरांना चिमट्यांचं सांगितलं. आधी त्यांना कळेचना. मग उठून उभेच राहिले! (प्रोफेसर खरं तर दीडच वर्ष कॉलेजात शिकवत होते, मग काढून टाकलं. नाव चिकटलं ते चिकटलं.) म्हणाले, "बाई, तीस वर्षं मी ह्यांची अंदाजपत्रकं वाचतोय आणि खरा पुरावा तुमच्या रोलरवर होता! साम्राज्य तोफांनी पडत नाही. जगभर तळ मांडायचे, प्रत्येक समुद्रात बोटी, प्रत्येक सरकारच्या मानेवर हात. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे त्यांना कुणी शिकवलंच नाही. आता अंथरूणच पुरेना!"

सगळे हसले. मीही. किती दिवसांनी एवढी हसले.

शिंप्याने एक प्रश्न टाकला. पलीकडच्या खाडीत आता पूर्वेकडचे ते नवे लोक धक्का बांधतायत, त्यांचं काय? प्रोफेसर म्हणाले, "तो वेगळा प्रश्न आहे." शिंपी म्हणाला, "कुंपण तसलंच आहे पण." "आधी मुख्य शत्रू," प्रोफेसर म्हणाले, आणि विषय संपला. त्यांचा विषय नेहमी असाच संपतो.

मी समितीत का आहे, हे तिथे कुणी विचारत नाही. सगळ्यांना ठाऊक आहे. हे गेले त्याला ऑगस्टमध्ये आठ वर्षं होतील. तळाचा ट्रक, यांची सायकल, भर दुपार. ड्रायव्हर प्यायलेला होता. अकराव्या दिवशी त्याला विमानात घालून त्याच्या देशात पाठवला. त्यांच्या माणसावर इथलं कोर्ट चालत नाही, तसा करारच आहे. कराराची प्रत मला दाखवली होती, दोन भाषांत. आणि भरपाई म्हणून मला रोलरवरची नोकरी! नवरा मारला आणि चादरी दिल्या इस्त्रीला. सहा महिने रोज वाटायचं, हात त्या रोलरमध्ये घालावा.

जाऊ दे. अडतीसवर येते. अडतीस हा आकडा मला त्या दिवसापासूनचा पहिला न्याय वाटतोय.

सोमवार, ११ मार्च

एक्केचाळीस. तीनाने वाढले. नेमका आजच प्रोफेसरांना लेखासाठी ताजा आकडा हवा होता. दिला. साठापुढे तोही थोडकाच!

रविवार, १७ मार्च

समितीच्या पत्रिकेचा अंक आला. पहिल्या पानावर लेख. 'अकरा मार्च रोजी तळाच्या धुलाईघरात फक्त एक्केचाळीसशे चादरी आल्या. दोन वर्षांपूर्वी सहा हजारांहून अधिक येत.' माझा आकडा छापून आलेला! आयुष्यात पहिल्यांदा माझं काही छापलं गेलं, तेही नावाशिवाय. तीनदा वाचला. उरलेला लेख जड आहे. मधे एक वाक्य अकरा ओळींचं आहे, श्वास लागला.

अंक उशीच्या अभ्र्यात लपवला. जाऊबाईंना हे असलं खपत नाही. "पाण्यात राहून माशाशी वैर," एवढंच म्हणतात आणि भांडी आपटतात.

मंगळवार, १९ मार्च

घात झाला.

सकाळी शिट्टी वाजली आणि रोलर थांबले. सुरक्षेचे दोन साहेब, एक दुभाषा, आणि दुभाष्याच्या हातात तो अंक! आम्हा चौतीस बायकांना रांगेत उभं केलं. दुभाषा म्हणाला, आकडा शंभरांत आहे, म्हणजे मोजणीच्या टेबलावरून गेलाय. टेबलावर कोण असतं?

सगळ्या बायकांनी जमिनीकडे पाहिलं. जाऊबाई स्वतःच पुढे झाल्या. "मी असते."

त्यांना आत नेलं. दोन तास. मी इस्त्री करत होते. करत होते म्हणजे काय, एक चादर तीनदा रोलरमधून काढली. वाटलं ओरडावं, 'मी! मी!' आणि तीच चादर चौथ्यांदा रोलरमध्ये घातली. कसली समिती आणि कसलं काय, भित्री आहे मी.

जाऊबाई बाहेर आल्या. टेबलाशी उभ्या राहिल्या आणि पुन्हा मोजायला लागल्या. एक, दोन, तीन...

बुधवार, २० मार्च

त्यांना माहीत आहे.

संध्याकाळी भाजी निवडत होतो. भाऊजी आतल्या खोलीत. जाऊबाई मान वर न करता म्हणाल्या, "अकरा तारखेला वहीत चाळीस आहे."

मी म्हटलं, "काय?"

"वहीत चाळीस. मी चाळीसच मोजले. एक्केचाळीसावा चिमटा माझ्या खिशाला होता. खिसा उसवला होता, म्हणून लावला होता. जो वही बघेल तो चाळीस म्हणेल. जो मला बघेल तो एक्केचाळीस म्हणेल."

माझ्या हातातली जुडी तशीच राहिली.

"मला समोरून कोण बघतं गं दिवसभर?"

रडायला आलं. म्हटलं, "जाऊबाई, मी..." त्यांनी हात वर केला. "वही दाखवली असती तर तिथल्या तिथे सुटले असते मी. आकडा जुळत नाही, माझा नाही, संपलं. पण मग त्यांनीही तोच प्रश्न विचारला असता, जो मी तुला विचारला. म्हणून गप्प बसले."

"कशाला पण? माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी कशाला! तुझ्या समितीला मी चुलीत घालते. दोन वर्षं राहिलीत माझी निवृत्तीला. आतून घुरघुर ऐकू येतेय ना? ती चालू राहिली पाहिजे. बस्स."

उठल्या आणि भाजी धुवायला गेल्या. त्यानंतर एक शब्द नाही. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं!

शनिवार, २३ मार्च

आणखी एक. देव असेल तर खोडकर आहे.

चहाच्या सुटीत शिट्टी सांगत होता, तळावर नवीन चार इमारती झाल्यात, दर मजल्यावर धुलाईची यंत्रं बसवलीत. सैनिक आपापल्या चादरी आपणच धुतात. "आणखी दोन इमारती येतायत, माणसं वाढलीत ना." मी विचारलं, "वाढलीत?" म्हणाला, "मग! हजारभर तरी. तुम्हाला वाटलं काय, कमी झाली?" आणि हसला.

माणसं वाढलीत. चादरी फक्त दुसरीकडे धुतल्या जातायत.

मी ज्या आकड्यापायी हे सगळं केलं, तो आकडा सैनिकांचा नव्हताच. आमच्याच पोटावर पाय येतोय, त्याचा तो आकडा होता. हात दाखवून अवलक्षण!

रविवार, २४ मार्च

बैठकीत सांगून टाकलं. इमारती, यंत्रं, हजार माणसं वाढली, सगळं. म्हटलं, पुढच्या अंकात दुरुस्ती छापा.

प्रोफेसर चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "धुलाई सैनिकांवर ढकलणं हेसुद्धा खर्चकपातच आहे. म्हणजे ऱ्हासाचंच लक्षण. आकडा चुकला असेल, दिशा चुकलेली नाही."

"आणि साठ असते तर?"

"तर तो साम्राज्याचा अतिविस्तार. त्यातूनच ऱ्हास होतो."

वाढले तरी पडणार, घटले तरी पडणार! अशा माणसाशी कोण वाद घालणार? आणि गंमत म्हणजे मला अजून वाटतं, त्यांचं खरं आहे. पडणारच हे. सुंभ जळतोय, पीळ तेवढा राहिलाय. पण पडणार कधी आणि कुणाच्या अंगावर?

मग दुसरा विषय काढला. म्हटलं, मी जाऊन कबुली देते, जाऊबाईंना सोडवते. प्रोफेसर म्हणाले, "भावनेच्या भरात नको. आत आपलं माणूस असणं चळवळीला गरजेचं आहे. त्यांच्यावर कारवाई झाली तर आपण ते प्रकरण उचलू, मोर्चा काढू." एक जण म्हणाला, "फोटो असेल का त्यांचा एखादा?"

फोटो! मी उठले. शिंपी दारापर्यंत आला. हळूच म्हणाला, "बाई, जे करायचं ते घरी बोलून करा." म्हटलं, "घरी बोलतंय कोण माझ्याशी?"

बुधवार, २७ मार्च

आज जाऊबाईंना दुपारीच घरी पाठवलं. टेबलाशी शिट्टी स्वतः उभा. त्याला मोजता येत नाही, पंच्याऐंशीनंतर एकदम शंभर.

घरी आले तर जाऊबाई भाऊजींची नखं कापत होत्या. भाऊजींनी विचारलं, "आज लवकर कशी गं ही?" त्या म्हणाल्या, "सुटी साठली होती." मी स्वयंपाकघरात गाठलं. "काय म्हणाले?" "चौकशी चालू आहे. बोलावू तेव्हा या." "आणि कार्ड?" "कार्ड आहे." आणि पाठ फिरवली.

चौकशी! चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर शेजारच्या खोलीत बसून रोजनिशी लिहितोय.

शनिवार, ३० मार्च

अबोला. एका घरात तीन माणसं आणि एक यंत्र. फक्त यंत्र बोलतं.

सोमवार, १ एप्रिल

ठरलं. मनाशी नीट जुळवलं. मी कबुली दिली की जाऊबाई निर्दोष. त्यांना टेबल परत, त्यांच्या नोकरीवर कार्ड चालू, दोन वर्षांनी सन्मानाने निवृत्ती. माझी नोकरी जाईल. जाऊ दे! भरपाईची नोकरी होती, कधी माझी वाटलीच नाही. गावात कुणाकडेही इस्त्री करीन. फार तर आत टाकतील. आठ वर्षांपूर्वी रोलरमध्ये हात घालायला निघालेली बाई मी, मला काय होणार आहे?

त्यांना आधी सांगू का? सांगितलं तर अडवतील. नुसत्या नजरेने गप्प बसवतात त्या, सासूबाईंसारख्या. नकोच. करून सांगते. एकदा तरी त्यांच्यासाठी काही करते.

प्रोफेसरांनाही सांगणार नाही.

बुधवार, ३ एप्रिल

झालं!

सकाळी रोलरवर न जाता सरळ सुरक्षेच्या ऑफिसात. दारावर शिपायाने अडवलं. म्हटलं, "चादरींचं आहे." लगेच सोडलं. चादरी केवढ्या मोठ्या झाल्या!

साहेब तरणा होता. उठून उभा राहिला, खुर्ची दिली, पाणी दिलं. आठ वर्षांत त्यांच्यातल्या कुणी मला खुर्ची दिली नव्हती. दुभाषा बाजूला. मी सांगत गेले. चिमटे, रोलर, एक्केचाळीस, उसवलेला खिसा. समितीतल्या कुणाचं नाव घेतलं नाही. लेख कुणी लिहिला ते त्यांना ठाऊक होतंच. शेवटी म्हटलं, "माझ्या जावेचा यात काडीचा संबंध नाही. वही बघा, चाळीस आहे."

साहेबाने वही मागवली. बघितली. चाळीस. दुभाष्याला काही बोलला. दुभाषा म्हणाला, "साहेब म्हणतात, तुम्ही धीट आहात."

मी म्हटलं, "साहेबांना सांगा, आठ वर्षांपूर्वी एका ट्रकच्या ड्रायव्हरला विमानात घालून नेलं. तो असा येऊन खुर्चीवर बसला असता तर मीही त्याला धीट म्हटलं असतं." दुभाषा घुटमळला. "सांगा!" मी म्हटलं. त्याने सांगितलं की नाही कोण जाणे, दोनच शब्द बोलला. साहेबाने मान हलवली आणि कागद पुढे केला. सही केली. पूर्ण नावाने, ठसठशीत.

गेटबाहेर आले तेव्हा ऊन होतं. मोकळं वाटलं. छाती भरून श्वास घेतला. यांच्या मागे पहिल्यांदा असं वाटलं की मी कुणाची देणेकरी नाही. वाटेत शिंप्याच्या दुकानाशी थांबून सांगितलं. त्याने मशीन थांबवली, पण काही बोलला नाही. मला वाटलं, माझं कौतुक वाटून गप्प बसला.

जाऊबाईंना उद्या तळावरून बोलावणं येईल. त्यांच्या तोंडून ऐकायचंय, 'काय केलंस गं हे!' तोवर मी गप्प.

शुक्रवार, ५ एप्रिल

आज शिट्टी घरी आला. गळ्यात शिट्टी नव्हती. पत्र देऊन, पाणीही न घेता गेला. पत्रात लिहिलंय, घरातल्या दोन कर्मचाऱ्यांनी सही करून दोष मान्य केला, सबब दोघींची नोकरी बंद, घराचं नाव यादीतून कमी, कार्ड रद्द.

दोन! मी म्हटलं, दोन कुठून?

जाऊबाई उंबऱ्याशीच खाली बसल्या. "सत्तावीसलाच सही केली होती मी. माझ्याच हातून आकडा बाहेर गेला म्हणून. एकच बोली केली साहेबाशी, रोलरवरच्या बाईला हात लावायचा नाही आणि कार्ड तिच्या नोकरीवर चालू ठेवायचं. त्याने मान्य केलं. सगळं मिटलं होतं गं."

"मला सांगितलं का नाही?"

"तुला सांगितलं असतं तर तू समितीला सांगितलं असतंस."

पत्राची घडी घालत म्हणाल्या, "आणि तू? तू जाण्याआधी का नाही विचारलंस?"

यंत्र न्यायला उद्या दहा वाजता माणूस येणार आहे. भाऊजींना अजून कुणी सांगितलेलं नाही.